शिजवायचं काय, हे गोदाम ठरवणार?

हिंजवडीत माणसं दोन गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवतात: बिल्डरने दिलेल्या ताब्याच्या तारखेवर आणि सुपरमार्केटच्या दारातल्या ‘महाबचत’ पाटीवर. पहिल्या बाबतीत निदान महारेराकडे तक्रार करता येते. दुसऱ्या बाबतीत तक्रार करायला कुणी उरतच नाही, कारण फसलेला माणूस बिलाच्या तळाशी छापलेला ‘आपण वाचवले’ हा आकडा घरी येऊन बायकोला मोठ्याने वाचून दाखवत असतो.

या भाबडेपणाला हल्ली शास्त्राचा दर्जा मिळालाय. आधी सेल बघायचा, सेलवरून आठवड्याची रात्रीची जेवणं ठरवायची, जेवणांवरून यादी करायची आणि पैसे वाचवायचे. आमच्या आयटीवाल्यांना हे फार आवडतं, कारण त्यात एक्सेल आहे. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मला असा तक्ता अभिमानाने दाखवला. सात वार, प्रत्येक वारापुढे एक जेवण, माणशी खर्च आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात ‘ऑफर’. सोमवारी पास्ता, मंगळवारी फ्रोजन पराठे, बुधवारी इन्स्टंट इडली, गुरुवारी नूडल्स. जानेवारी चालू होता, रस्त्याकडेला मेथीचे ढीग लागले होते. मी विचारलं, यात मेथी कुठे आहे? ते म्हणाले, ‘मॅडम, मेथीवर ऑफर नव्हती.’

खरं तर लेख इथेच संपायला हरकत नव्हती. पण ते गृहस्थ एकटे नाहीत, म्हणून पुढे लिहिते.

माझं म्हणणं सरळ आहे. सेलच्या मागे लागून केलेलं नियोजन तुमच्या घराचं नसतंच. कुणाच्या तरी गोदामात काय पडून आहे आणि ते कोणत्या तारखेच्या आत खपलं पाहिजे, याचं ते नियोजन असतं. तुम्ही त्याला फोडणी देता, एवढाच तुमचा सहभाग.

ही कल्पना जिथून आली तिथे तिला अर्थ आहे. अमेरिकेत सुपरमार्केटं दर आठवड्याला पत्रक काढतात. या आठवड्यात कोंबडी स्वस्त, पुढच्या आठवड्यात कोबी, थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर टर्की जवळजवळ फुकटात. तिथे ताजं अन्नच सेलवर येतं, म्हणून सेलवरून जेवण ठरवता येतं. न्यू जर्सीतली एखादी मराठी सून हे करत असेल तर तिने खुशाल करावं. इथे काय सेलवर येतं? आपली ट्रॉली आठवून बघा. कपडे धुण्याची पावडर, फिनेल, बिस्किटं, कॉर्नफ्लेक्स, सॉस, मेयोनीज, नूडल्सचा बारा पुड्यांचा गठ्ठा, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या, दिवाळीत न खपलेली सुक्या मेव्याची खोकी. एवढ्या सामानातून चार माणसांचं रात्रीचं जेवण करून दाखवा. फिनेल वगळलं तरी चालेल.

आपलं ताट ज्यावर उभं आहे त्या तूरडाळीवर, ज्वारीवर, दुधावर, कांद्यावर ‘एकावर एक मोफत’ लागलेलं कुणी पाहिलंय? दुकानदार मूर्ख नाही. या मालात त्याला सुटतंच किती! भरघोस सूट तिथेच देता येते जिथे किंमत आधी फुगवायला जागा असते. ती जागा छापील असते, एमआरपी नावाची. पाकिटावरचा तो आकडा कंपनीच ठरवते. कायदा एवढंच म्हणतो की त्याच्यावर घेऊ नका. मग अडीचशे छापायचे, एकशे नव्वदला विकायचे आणि साठ रुपये ‘वाचले’ म्हणून गिऱ्हाइकाची पाठ थोपटायची. कोपऱ्यावरचा वाणी तोच माल एकशे पंच्याऐंशीला देत असेल, पण त्याच्या वहीत ‘वाचले’ हा रकाना नाही. मग त्याच्याकडे कोण जाणार?

वजनाचा खेळ तर याहून मजेदार. चहा, बिस्किटं, पीठ, तेल अशा वस्तू पूर्वी ठरलेल्या वजनांतच भराव्या लागत. २०२१ साली पाकीटबंद मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि ठरलेल्या वजनांची ती यादीच गेली. बदल्यात पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापणं सक्तीचं केलं. सरकारची अशी समजूत की ऑफिसातून थकून आलेलं माणूस चष्मा वर करून ते मुंगीएवढं अक्षर वाचेल. कोण वाचतं? एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी, शेजारच्याच फळीवरची ‘स्वस्त’ पिशवी उचला आणि वजन बघा. कधी साडेआठशे ग्रॅम, कधी त्याहून कमी. ऑफरचं अर्धं गुपित त्या पन्नास-साठ ग्रॅममध्ये असतं. आणि हेही एकदा ऐकून ठेवा: १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी लागला, वाणी तुमच्यासमोर पोत्यातून काढून तोलतो त्या सुट्या डाळीवर तो नाही. ती डाळ निवडावी लागते, हे कबूल.

एका मोठ्या दुकानात, नाव घेत नाही, पंधराशेच्या वर बिल झालं की किलोभर साखर नऊ रुपयांत मिळत होती. माझ्या पुढच्या बाईंचं बिल तेराशेला अडकलं. त्या रांग सोडून परत आत गेल्या आणि चीजच्या चकत्या व मेयोनीजची बाटली घेऊन धावत आल्या. साखरेमागे पस्तीसेक रुपये वाचले. चेहरा असा उजळला होता की मला हिशेब सांगवेना. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी सँडविच होणार हे उघड होतं. सँडविच व्हावं असं त्या घरात कुणालाही वाटलं नव्हतं.

या वेडाचा जन्म आपल्या डोळ्यांदेखत झालाय. २००६ च्या प्रजासत्ताक दिनी बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ काढला आणि लोक असे तुटून पडले की काही ठिकाणी शटर ओढावं लागलं. एका दिवसाचे पुढे अनेक दिवस झाले, मग दर बुधवार स्वस्ताईचा ठरला. आपल्या पिढीने बचतीचे धडे गिरवले ते इथे. पुढे ज्या समूहाने ते शिकवले तोच कर्जात बुडाला आणि २०२२ साली त्याची दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेली. डी-मार्टने दुसरी वाट धरली. २००२ साली पवईत पहिलं दुकान काढल्यापासून त्यांचा भर खास दिवसांच्या जत्रेपेक्षा रोजच्या कमी भावावर राहिला. पण तिथेही डाळ-तांदळासाठी आत गेलेला माणूस बाहेर येतो तो प्लास्टिकचे डबे, पायपुसणं आणि मुलाची चड्डी घेऊन. किराण्यापेक्षा जास्त सुटतं ते याच मालावर. त्यात लबाडी काहीच नाही, तो व्यापार आहे. त्याला आपल्या घरचं अर्थशास्त्र समजणारे आपण.

आता आकडे. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सरकारी सर्वेक्षणात शहरी घराच्या दर शंभर रुपयांतले ३९ रुपये अन्नावर जातात असं दिसलं. त्यात धान्याचा वाटा पाच रुपयांहून कमी. पेयं, खाऊ, प्रक्रिया केलेले पदार्थ आणि बाहेरचं शिजवलेलं अन्न यांचा वाटा साडेदहाच्या पुढे. म्हणजे गहू-तांदळाच्या दुपटीहून जास्त पैसे आपण पाकीट फोडण्यावर घालवतो. सेल लागतो तोही याच गठ्ठ्यावर. ज्या भोकातून पाणी गळतंय तेच भोक मोठं करून आपण बादली भरायला निघालोय.

उलट क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरच्या थाळीचा खर्च काढते: पोळी, भात, वरण, भाजी, दही, कोशिंबीर. गेल्या काही वर्षांत शाकाहारी थाळी तीस रुपयांच्या अलीकडे-पलीकडेच राहिली आहे. तीस! हिंजवडीत तेवढ्यात बसथांब्यावरचा चहा आणि फार तर क्रीमरोल येतो. पिठलं-भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा आजच्या भावाने चौघांना साठ-सत्तर रुपयांत पोटभर होतं. त्यासाठी कुठलीही ऑफर लागत नाही. भाकरी थापता यावी लागते.

स्वस्ताईचं पत्रक आपल्याकडेही निघतं, पण ते रंगीत नाही म्हणून कुणी वाचत नाही. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी मोठी आवक होते आणि सोमवारच्या पेपरात ती छापून येते. राजस्थानातून गाजर किती ट्रक, मध्य प्रदेशातून मटार किती, सातारी आल्याच्या गोण्या, पुणे विभागातून टोमॅटोचे क्रेट; फळभाज्यांचे भाव दहा किलोचे, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. गुंतवणुकीचं पान तोंडपाठ असणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हा मजकूर आयुष्यात वाचलेला नाही. वाचला तर कळेल की मटार जुलैत खायचा नसतो आणि मुसळधार पावसाच्या आठवड्यात कोथिंबिरीचा हट्ट धरायचा नसतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या घरात गेला तेव्हा इथल्या ग्रुपवर असा आक्रोश झाला, जणू देशावर हल्ला झालाय. अहो, आमटीत आमसूल घाला! चिंच घाला! टोमॅटो येण्याआधीही महाराष्ट्र जेवत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव असे कोसळले की शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. तेव्हा ग्रुपवर एकाही माणसाने ‘चला, आठवडाभर टोमॅटोचं सार करू’ असा मेसेज टाकला नाही. स्वस्ताईची सूचना मोबाइलवर टिंग वाजवून आली तरच ती स्वस्ताई, असं आमचं ठरलंय.

आपल्या आयांकडेही आठवड्याचा तक्ता होता, फक्त तो भिंतीवर टांगलेला नसे. सोमवारी उपास, रात्री सोडायला वरण-भात. बुधवारी अंडी किंवा सुकट. गुरुवार-शनिवार पाळायचे. रविवारी मटण, आणि महिनाअखेरीला मटणाच्या जागी बटाट्याचा रस्सा, त्याच मसाल्यात. मंगळवारी भिजवलेली मटकी बुधवारी मोड काढून गुरुवारी उसळ व्हायची आणि उरलेली शुक्रवारी थालीपिठात जायची. त्यात देव होता, ऋतू होता, नवऱ्याच्या पगाराची तारीख होती. कंपनीची वितरणव्यवस्था नव्हती.

एक टोचणारी गोष्ट बाजूला सांगून टाकते. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे. मुळशी म्हणजे आंबेमोहर तांदळाचा मुलूख. शेजारच्या मावळात, वडगावच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी आली. आम्ही राहतो ते टॉवर भातखाचरांच्या मुलखात उभे आहेत. आणि आम्ही अठराव्या मजल्यावर उत्तर भारतातून आलेला बासमती ‘एकावर एक’ मिळाला म्हणून दहा किलो आणून ठेवतो, त्याला पावसाळ्यात टोके लागतात, मग उन्हात घालायला बाल्कनीत ऊन शोधतो. रव्याला जाळी, डाळीला भुंगा. फेकून दिलेल्या मालाचा रकाना त्या एक्सेलमध्ये अजून मला दिसलेला नाही.

पण खरा दरोडा दुकानात पडत नाही. तो संध्याकाळी रस्त्यावर पडतो. साडेसहाला फेज तीनमधून निघालेला माणूस वाकडच्या पुलाकडे सरकत असतो, सरकत असतो, आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या अंगात डाळ-तांदूळ धुण्याचंही त्राण उरत नाही. पावसाळ्यात रस्त्यांचे ओढे झाले की विचारूच नका. २०२५ च्या जूनमध्ये आयटी पार्कच्या रस्त्यांवर वाहणारं पाणी सगळ्या देशाने पाहिलं. ग्रामपंचायत, एमआयडीसी, पीएमआरडीए असे मालक भरपूर आणि वाली कुणीच नाही. अशा रात्री फ्रीजमध्ये महिन्याभराचं सेलचं सामान भरलेलं असतं आणि तरीही आपण मोबाइल उघडतो. ॲपला ठाऊक असतं की तुम्ही दमलेले आहात, म्हणून ते युक्त्या लढवतं. अशा युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेरा प्रकार नावानिशी सांगितले; खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू सारणं, शेवटच्या पडद्यावर शुल्क वाढवणं. तत्त्वं कागदावर आहेत. आपलं बोट मात्र ‘फक्त दोन उरले’ वर आहे. नूडल्सच्या गठ्ठ्यावर वाचवलेले ऐंशी रुपये एका रात्रीच्या बिर्याणीत सातपट होऊन बाहेर जातात. म्हणून घराचं बजेट सावरायचं असेल तर सर्वांत मोठी सवलत दुकानाने नव्हे, कंपनीने द्यायची आहे. साडेपाचला माणसं सोडा. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू द्या. कुठल्याही सेलपेक्षा जास्त वाचेल.

आणि त्या क्रिसिलच्या थाळीत गॅस धरलाय; पोळ्या लाटणारे हात धरलेले नाहीत. या सगळ्या ‘स्मार्ट नियोजना’चं गुपित तेच आहे. तक्ता नवरा करतो, टाळ्या त्याला मिळतात. मटकी भिजत घालायची आठवण, डाळ निवडणं, उरलेल्या भाताचा उद्या फोडणीचा भात करायचा हे डोक्यात ठेवणं, हे बायकोकडे. नाहीतर सकाळी दोन घरं करून आपल्याकडे येणाऱ्या मावशींकडे. मावशींना पगारवाढ देताना आपण महागाईचं कारण सांगतो. त्यांच्या घरची महागाई बहुधा वेगळ्या बाजारातून येत असावी.

हे असं प्रत्येकाने आपापल्या कूपनांशी झुंजणं महाराष्ट्राला शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. १९७२ च्या दुष्काळात भाव भडकले तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, सत्तेत बसलेल्यांना जाब विचारला, साठेबाजांच्या गोदामांवर जाऊन धडकल्या. गोदामाने त्यांचा मेनू ठरवला नाही, त्यांनी गोदामाला वठणीवर आणलं. त्यातल्या कुणाकडे लॉयल्टी कार्ड नव्हतं.

त्याच दशकात पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक चळवळ रुजवली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. सुधीर फडके गाणी गाता गाता या कामातही होते. पंचायतीची पद्धत इतकी साधी की आमच्या मॅनेजमेंटवाल्यांना कमीपणा वाटावा. शेजारपाजारच्या घरांनी मिळून संघ करायचा. महिन्याची यादी एकत्र द्यायची. माल थेट, घाऊक भावात यायचा, एका घरी उतरायचा आणि सगळ्यांनी बसून वाटून घ्यायचा. दुकान नाही, फळी नाही, रांगेजवळ मुलाच्या उंचीवर टांगलेली चॉकलेटं नाहीत. म्हणून मोहही नाही. अनेक दशकं हजारो घरं असा किराणा भरत आली. पुण्यात टिळक रस्त्यावर ग्राहक पेठ त्याच चळवळीतून आली. पणन मंडळाने गेल्या दशकात संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना आणली, शेतकऱ्याने थेट येऊन विकावं म्हणून. इतकं सगळं हाताशी असताना आमच्या बावीस मजली टॉवरमधली शेकडो उच्चशिक्षित कुटुंबं तीच तूरडाळ शेकडो वेगवेगळ्या पिशव्यांतून, शेकडो दुचाक्यांवरून, दहा मिनिटांत मागवतात. आणि संध्याकाळी गेटवर ट्रॅफिक का झालंय म्हणून ग्रुपवर भांडतात.

मी सोसायटीच्या समितीला लेखी सुचवलं. दर शनिवारी मुळशी-मावळातल्या शेतकऱ्यांच्या दोन टेम्पोंना आत येऊ द्या, आणि इच्छुक घरांचा धान्य-डाळींचा एक संघ करू, हिशेब मी बघते. आठवड्याने उत्तर आलं. सुरक्षिततेच्या कारणास्तव फेरीवाल्यांना आवारात प्रवेश देता येणार नाही, कळावे. त्याच शनिवारी क्लब हाउससमोर एका कंपनीचा मंडप लागला होता. मुलांना फुगे, बायकांना सूपची पाकिटं, दोन घेतली तर तिसरं फुकट. चौकशी केली तर कळलं, कंपनी मंडपाचं भाडं देते. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मी माझा प्रश्न टाकलाय: भाजीवाल्या शेतकऱ्याने किती भाडं भरलं म्हणजे तो सुरक्षित ठरेल, तो आकडा समितीने जाहीर करावा.